आर्थरनं उचललेला हात

आर्थर गेल्याचं मला आईच्या फोनवरून कळलं. मी केंब्रिजला ऑफिसमध्ये होते. "टीव्हीवर दाखवतायत गं त्याला," ती म्हणाली आणि फोन तसाच धरून बसली. पलीकडून निवेदिकेचा आवाज येत होता... चाळीसहून अधिक वर्षं पडद्यावर, ओळखीचा चेहरा वगैरे. मला रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता खरं काय ते कधीच कळणार नाही.

वॉटफर्डला, माझ्या माहेरी, तो आमचा शेजारी. हॉस्पिटलमधून रिटायर झालेले माझे बाबा आणि तो, दोघांनाही टोमॅटो लावायचं वेड, त्यातून बागेच्या कुंपणावरून मैत्री झाली. पडद्यावर आर्थर कायम दुसऱ्या-तिसऱ्या फळीत राहिला. पोलीस मालिकांत इन्स्पेक्टर, जुन्या काळच्या मालिकांत बटलर, सिनेमात दोन वाक्यांचा पाद्री. सुपरमार्केटमध्ये लोक त्याला बघून थबकायचे. चेहरा आठवायचा, नाव नाही. एका बाईंनी त्याला आपला डेंटिस्ट समजून हाक मारली, तर त्यानं अक्कलदाढेबद्दल सल्ला दिला आणि वर फ्लॉस करायला सांगितलं. बाबा हसून बेजार. मला मात्र वाटलं, इतक्या सहज खोटं बोलणारा माणूस आपल्याशी तरी खरा वागत असेल का?

मग बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, शब्द अडकायला लागले. सुरुवातीला सगळे येऊन गेले, महाराष्ट्र मंडळातले लोक, जुने डॉक्टर मित्र... नंतर येणं विरळ झालं. आर्थर मात्र दर गुरुवारी यायचा, पत्ते खेळायला. पण त्याची नजर पत्त्यांवर नसायची. बाबा डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवायचे, दुसऱ्या कुणाची वस्तू जपून ठेवावी तसा, आणि त्यावर हलकेच थोपटायचे. आर्थर ते टक लावून बघायचा. एकदा आई बाबांना बाथरूमला घेऊन गेली होती. मी दारातून पाहिलं, तर हा एकटाच बसून स्वतःचा हात तसाच उचलत होता. मला बघताच तो पत्ते पिसू लागला.

"आई, हा बाबांना भेटायला येत नाहीये. शिकायला येतोय," मी म्हणाले.

"तुझं आपलं काहीतरीच. गुरुवारी हे स्वतःहून दाढीला बसतात, मला तेवढं पुरे."

बाबा गेले. वर्षभरानं आर्थरची मालिका आली. स्ट्रोकनंतर वाचा गेलेला न्यायाधीश. आयुष्यातली पहिली मुख्य भूमिका. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, अवॉर्डही मिळालं. मी पहिला भाग पाहिला. तोच हात. तेच थोपटणं. शब्दाआधीचं ओठांचं तेच चाचपडणं. त्या वीकेंडला मी वॉटफर्डला गेले आणि त्याच्या दारात उभी राहिले.

"हे आमच्या बाबांचं आहे."

"हो," तो म्हणाला.

"ही भूमिका मिळणार हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? बाबा आजारी पडायच्या आधी की नंतर?"

"मी त्यांची परवानगी घेतली होती. ते 'येस' म्हणाले."

बाबा तेव्हा सगळ्यालाच 'येस' म्हणायचे. चहा हवा का, येस. नको का, येस... आर्थरला हे माहीत नव्हतं? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही मी बघत राहिले, आणि ठरवता येईना.

त्यानंतर आमचं बोलणं हाय-हॅलोपुरतं उरलं. आता तो गेल्यावर मी वॉटफर्डला गेले, तर आई हॉलमध्ये तीच मालिका लावून बसलेली. आवाज बंद. एकच प्रसंग, पुन्हा पुन्हा मागे नेऊन.

"तुला कळत नाही का गं, त्यानं काय केलंय ते?"

"सगळं कळतं," ती म्हणाली. "तो यायला लागला तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडे ह्यांचे फोटो आहेत, तुझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे. पण आजारपणातले हे... ते कुणी काढून ठेवले? तो हात रोज मी धुतलाय, पुसलाय. मला आठवतात ते तेच. बस इथे."

मी बसले. तिनं प्रसंग पुन्हा लावला. आर्थरनं हात उचलला, टेबलावर ठेवला, थोपटला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठे लबाडी सापडते का ते शोधत. आई फक्त हाताकडे बघत होती.