न पाहिलेल्या रस्त्याचा दाखला

गुरुवार — मार्गाची पाहणी. रविवार — रॅली आणि अपघात. त्यापुढचा बुधवार — चौकशी. जबाबदार व्यक्ती: वनमजूर भागवत, ज्याने रस्त्यात चर खणल्याची सूचना दिली नाही; आणि आमच्या रॅली मंडळाचे माजी अध्यक्ष, ज्यांना हा मार्ग मुळातच नको होता. सहा वर्षांपूर्वी माझ्या प्रत्येक तक्रार अर्जाची सुरुवात अशी असे. त्या यादीतून एक नाव मी जाणूनबुजून गाळले. ते का गाळले, हे आजवर कोणालाही, पत्नीलासुद्धा, सांगितलेले नाही.

माझी हयात कोर्टाच्या कारकुनीत गेली. साक्षीदार खोकला तरी मला वाटे, याला कोणीतरी पढवले आहे. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरातल्या आम्हा हौशी मंडळींनी मोटारींची रॅली सुरू केली. शर्यत नव्हे — छापील मार्गपत्रिकेवरून वाट काढत ठरलेल्या वेळेत पोहोचायचे. एकाने चालवायचे, शेजारच्याने वाचायचे. त्या वर्षी बार्शीपलीकडचे जंगलातले कच्चे रस्ते निवडले होते. परवानगीची मुख्य अट एकच: आयोजकाने संपूर्ण मार्ग समक्ष पाहून तसा दाखला द्यावा. आयोजक मी.

गुरुवारी भर दुपारी शेवटच्या वळणावर भागवत गाडीला आडवा आला. डोक्याला टॉवेल, हातात कोयता. "सायेब, म्होरं चर खांदलाय. रस्ता कागदावर हाय, खाली न्हाय." मी विचारले, हे सांगायला तुला कोणी पाठवले? तो हसला. "पाठवतंय कोन? हाकेच्या अंतरावर हाय. चालत येऊन बगा की."

हाकेच्या अंतरावर — मग मी का गेलो नाही? उन्हामुळे? गुडघ्यामुळे? नाही. माजी अध्यक्षांनीच याला उभा केला आहे, याची मला खात्री होती. आणि त्याच्यादेखत चालत जाणे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाच्या शब्दाला किंमत देणे. मी गाडी वळवली. घरी येऊन लिहिले: ‘संपूर्ण मार्ग समक्ष पाहिला. वाहतुकीस योग्य.’ खाली सही केली.

रविवारी आमच्या कॉलनीतल्या सुनंदाताई पत्रिका वाचत होत्या, त्यांचे यजमान गाडी चालवत होते. पत्रिकेत छापले होते: वळणानंतर सरळ. त्यांनी तसेच सांगितले. सांगणारच — सही माझी होती ना? वळण संपताच गाडी चरात गेली. सुनंदाताईंचे खुब्याचे हाड मोडले. आजही त्या काठी घेऊन चालतात. भेटल्या की नमस्कार करतात, आणि मी त्या नमस्काराचीही उलटतपासणी घेतो — यांना कळले तर नसेल?

चौकशीत भागवत एकच सांगत राहिला, की त्याने मला सांगितले होते. कोणी विश्वास ठेवला नाही. बाहेर व्हरांड्यात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, मी सांगितलं व्हतं का न्हाय, येवडंच बोला."

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

‘नाही’ म्हणालो नाही — हे ध्यानात घ्या. खोटे म्हणून सिद्ध होणार नाही असे खोटे कसे बोलावे, हे मी साक्षीदारांकडून शिकलो होतो. माझ्या बाजूने दाखला होता. त्याच्याजवळ नुसते तोंड होते. त्याला कामावरून काढले. पुढे कळले की आता तो दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जातो, आणि गावातली माणसे त्याला ‘चरवाला’ म्हणून चिडवतात. हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. सहा वर्षे. ज्या माणसाने क्षुल्लक बाबींसाठी अर्ज केले, त्याला या बाबतीत एक ओळ लिहिता आली नाही?

ती आता लिहीत आहे. माझी मागणी अशी: मंडळाच्या येत्या सभेस भागवतला सन्मानाने बोलवावे, आणि त्याच्यासमोर रॅलीच्या आयोजकाने उभे राहून जाहीर उत्तर द्यावे — त्या गुरुवारी वळणावर तुम्हाला काय सांगण्यात आले होते? ‘आठवत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.