तीनशेच्या खाली न येणारा आकडा

वासुदेवराव अमृत्यांनी जगातली प्रत्येक वस्तू तपासून घेतली. बिनतपासणीचा राहिला तो एक पोटचा मुलगा. आणि म्हातारपणी घात झाला तो तिथंच.

सांगोल्याकडच्या गावातून चौऱ्याहत्तर साली ते बंगळूरला आले ते थेट सरकारी कारखान्यात. तिथं लेथ मशीन बनायची आणि यांचं काम तपासनिसाचं. दुसऱ्यानं कातलेला दांडा घ्यायचा आणि गेजमध्ये घालायचा. गेज म्हणजे ठराविक मापाचं भोक पाडलेली पोलादी कडी. दांडा नीट गेला तर पास, अडला किंवा हलला तर लाल रंगाचा फराटा. एकोणचाळीस वर्षं हेच केलं. एकदा महिनाअखेरीला माल अडवला म्हणून साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "अमृते, केसाएवढा तर फरक आहे हो." वासुदेवराव म्हणाले, "सर, कुणाच्या केसाएवढा? माझे निदान शिल्लक तरी आहेत." साहेबांना टक्कल होतं. फराटा तसाच राहिला आणि बढती तीन वर्षं लांबली.

अहो, श्यामलाताईंना बघायला गेले तेव्हासुद्धा हेच. बसायला दिलेला पाट डुगडुगत होता. यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, पाट उलटा केला, कुठल्याशा लग्नपत्रिकेची घडी करून पायाखाली सारली आणि पुन्हा बसून बघितलं. मामा म्हणाले, "मुलगी बघितलीत का?" तर हे म्हणतात, "आता ठीक आहे." श्यामलाताई चाळीस वर्षं विचारत होत्या, "पास कोण झालं होतं हो? मी की पाट?"

तर असा हा माणूस जे. पी. नगरात घर बांधून राहिला. मुलगा मकरंद इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला, तिकडंच फ्लॅट घेऊन राहू लागला. बापानं किती वेळा विचारलं, "अरे, पण तू करतोस काय?"

"सॉफ्टवेअर, बाबा."

"ते सगळं बंगळूर करतंय. तू काय करतोस?"

मकरंद टाळत राहायचा. शेवटी एका दसऱ्याला जेवताना तो म्हणाला, "कॉम्प्युटर साफ करायचा प्रोग्राम असतो. मशीन तपासायचं, आतला कचरा शोधायचा, काढून टाकायचा. मग मशीन फास्ट चालतं."

वासुदेवरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तपासनीसच की रे तू!"

त्या दिवशी त्यांना झालेला आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. दुसऱ्या सकाळी त्यांनी तो प्रोग्राम नेटवरून उतरवला आणि घरच्या कॉम्प्युटरवर चढवला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि लाल अक्षरांत आलं: सातशे बेचाळीस दोष. आपल्या घरात, आपल्या टेबलावर, सातशे बेचाळीस! त्यांनी मकरंदला फोन लावला.

"बाबा, काढून टाका ते. तुमच्या मशीनला काही गरज नाही."

"गरज नाही कशी? सातशे बेचाळीस आहेत."

"अहो, ते... तसं नसतं. काढा तुम्ही."

वासुदेवरावांना वाटलं, पोरगं लाजतंय. स्वतःच्या कामाचं कौतुक सांगायची त्यालाही सवय नाही, बापावर गेलंय. बागेत फिरायला येणाऱ्या दहा जणांना त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या मुलानं केलंय, सगळ्यांनी घालून घ्या." आणि मनाशी एक ठरवलं. दोष शून्यावर आणायचे आणि त्या दिवशी मकरंदला फोन करून एवढंच सांगायचं की तुझ्या मापाला माझं मशीन पास झालं.

दुसरं काही नको होतं त्यांना.

रोज सकाळी पूजा झाली की तपासणी. श्यामलाताई त्या प्रोग्रामला केरसुणी म्हणायच्या. "झाली का केरसुणी फिरवून? मग वर्तमानपत्र घ्या." पहिल्या सफाईनंतर आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशीवर आला. दुसऱ्या दिवशी तीनशे एक्कावन्न. मग पुन्हा तीनशे सत्तर. वासुदेवरावांनी आलेखाचा कागद आणला आणि कारखान्यात लावत तसा भिंतीवर लावला. रोजच्या आकड्याचा एक ठिपका. आकडा हलेना तसे ते आतून एकेक गोष्ट उपटू लागले. श्यामलाताईंचा पत्त्यांचा खेळ गेला. मराठी टाइप करायची सोय गेली; श्यामलाताईंनी बहिणीला लिहायला घेतलेलं पत्र चौकटीचौकटींचं झालं. मग इंटरनेटची वायरच काढून टाकली. कचरा तिथूनच येतो म्हणाले.

"अहो, उद्या मला पण काढाल त्यातून," श्यामलाताई म्हणाल्या.

"तू दोष नाहीस."

"उपकार झाले."

आकडा तीनशे चव्वेचाळीस. माणूस झोपेतून उठला की आधी तो आकडा आठवायचा. जेवताना बोलायचे नाहीत. बागेत जायचं बंद झालं, कारण कुणीतरी विचारायचं, "काय अमृते, झालं का शून्य?" एवढी वर्षं ज्यानं दुसऱ्याचा माल नापास केला, त्याचं स्वतःचं मशीन रोज सकाळी नापास होत होतं. आणि नापास करणारा होता त्याचा मुलगा. वासुदेवराव खंगत चालले. श्यामलाताईंनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वय झालं."

मग तो मंगळवार उजाडला.

श्यामलाताईंनी बावीस वर्षं मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची नाटकं बसवली होती. कानडी शाळेत शिकणारी, घरात अर्धं मराठी बोलणारी ती पोरं. त्यांच्या तोंडात एकेक वाक्य बसवायला या बाईनं घसा कोरडा केला होता. दरवर्षी कुणीतरी कॅसेटवर चित्रण करायचं. एका नाटकात आठ वर्षांचा मकरंद प्रधान झाला होता आणि मिशी सुटून महाराजांच्या ताटात पडली होती. कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा जयनगरच्या एका दुकानदाराकडून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि कॅसेटी टाकून दिल्या. दुकानदारानं त्या फोल्डरला नाव दिलं होतं 'टेम्प'. तात्पुरतं. बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रोग्रामनं त्या मंगळवारी ते फोल्डर लाल करून दाखवलं: मोठा, तात्पुरता, न वापरलेला कचरा. वासुदेवरावांनी खूण केली. खाली आणखी एक पर्याय होता, 'कायमचे पुसा, सात वेळा'. दुसरा कुणी असता तर साधं पुसून मोकळा झाला असता. पण हे वासुदेवराव. त्यांनी सात वेळा निवडलं आणि ते संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

आकडा आला तीनशे बावन्न.

संध्याकाळी श्यामलाताईंनी नाटक बघायला म्हणून कॉम्प्युटर लावला. जरा वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, माझी मुलं कुठं गेली?"

वासुदेवरावांनी कॉम्प्युटर उचलला आणि रिक्षात घालून शिवलीलाकडं नेला. शिवलीला ही बेळगावकडची. नवरा गेल्यावर तिनं त्याचं दुरुस्तीचं दुकान स्वतः चालवायला घेतलं, आणि चार गल्ल्यांत तिच्या हाताला तोड नव्हती. दोन तास खटपट करून तिनं चष्मा काढला.

"अण्णा, सात डाव पुसलंय की हे. आता देव आला तरी गावत नाही बघा. कुणी केलं असलं?"

"मी."

तिनं कॉम्प्युटर नीट बांधून रिक्षात ठेवला. पैसेही घेतले नाहीत.

घरी श्यामलाताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "चहा ठेवलाय", "गोळी घ्या", बस्स, दिवसभरात एवढंच. चौथ्या दिवशी मात्र विचारलं, "ते कचरा आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मकरंदच्या प्रोग्रामनं लाल दाखवलं."

"माझ्याच पोरानं केलेली वस्तू माझी पोरं कचरा म्हणते?" त्या म्हणाल्या. "मग त्याला जाऊन विचारा. चूक तुमची की त्याची. मला एकदा कळू दे."

वासुदेवराव आत जाऊन आलेखापुढं बसले. चूक शोधायची तर कागदावरून, ही जुनी खोड. बघता बघता त्यांची मान ताठ झाली. त्यांनी खेळ काढला, टाइप काढलं, इंटरनेट तोडलं, नाटकं पुसली. आणि ठिपके? तीनशे दहा ते तीनशे नव्वद. तेवढ्याच पट्ट्यात, चार महिने, उड्या मारताहेत. लेथचं एक चाक बदललं तरी ठिपके जागा सोडतात. इथं निम्मं मशीन उपटलं तरी यांना पत्ता नाही. नव्या उमेदवारांना ते स्वतः शिकवायचे: माल सारखाच खोटा ठरायला लागला तर मालाला शिव्या देऊ नका, आधी गेज तपासा. हजार पोरांना शिकवलं असेल. स्वतः विसरले, कारण गेज मुलाच्या हातचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शिवलीलाच्या दुकानात.

"मला एक कोरं मशीन दे. आत काही नको."

"काय करतासा अण्णा? स्वल्प बसा तरी." पण तिनं दिलं. नुकतंच सगळं पुसून नव्यानं विंडोज घातलेलं, गिऱ्हाईकाचा हातही न लागलेलं. वासुदेवरावांनी पेनड्राइव्हवरून मुलाचा प्रोग्राम चढवला. हिरवी पट्टी सरकली.

तीनशे एकसष्ट दोष.

"परत पूस. परत घाल."

शिवलीलानं तासभर घालवून परत पुसलं, परत घातलं. तीनशे सव्वीस. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "आईशप्पथ. कोऱ्या पाटीवर एवढं खरकटं कुठलं ओ? कुठल्या चोरानं केलंय हे?"

वासुदेवरावांनी पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला.

रविवारी ते बसनं मकरंदकडं निघाले. उंचावरच्या त्या लांब रस्त्यावरून बस सुसाट जाते, खाली गोदामं आणि कचेऱ्या मागं पडत जातात. एरवी त्यांना या प्रवासाचं लहान मुलासारखं अप्रूप. त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मकरंद एकटाच घरी होता. बापाचा चेहरा बघून त्यानं टीव्ही बंद केला.

"कोऱ्या मशीनला तीनशे एकसष्ट येतात," वासुदेवराव म्हणाले. बसायच्या आधीच.

मकरंदनं रिमोट टेबलावर सरळ करून ठेवला.

"कसे येतात?"

"बाबा, पाणी देऊ?"

"कसे येतात, मकरंद?"

"किमान तीनशे ठेवलेत," तो म्हणाला. "एकदा सफाई झाली की खरे मोजलेले वीस-पंचवीसच उरतात. शंभरच्या आत आकडा आला तर युजर बंद करून टाकतो, विकत घेत नाही. टेस्ट केलं होतं आम्ही. वर थोडा कमीजास्त होईल असा ठेवलाय, म्हणजे खरा वाटतो."

"कुणी लिहिलं?"

"टीमनं."

"मकरंद."

"मी." मग एकदम आवाज चढला. "तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काढून टाका! दर फोनला सांगत होतो!"

"का काढायचं ते नाही सांगितलंस."

"कसं सांगणार? तुम्ही सगळ्या बागेला सांगून बसला होतात, माझा मुलगा तपासनीस आहे म्हणून! सगळेच करतात हो, बाबा. मी नाही लिहिलं तर दुसरा लिहील."

वासुदेवराव आता बसले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "नाटकं गेली म्हणून आईनं सांगितलं, तेव्हा तुला कळलं होतं का कशामुळं ते?"

मकरंदनं मान हलवली. होय.

"आणि तू तिला फोनवर काय म्हणालास?"

"होतं असं कधीकधी, म्हणालो."

वासुदेवराव निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. आठ वर्षांच्या पोराचा असावा तसा आवाज काढून म्हणाला, "आईला सांगणार?"

वासुदेवरावांनी चपला घातल्या आणि जिना उतरले.

घरी श्यामलाताई पुढच्याच खोलीत बसल्या होत्या. दिवा लावून झालेला. त्यांनी वाट बघितली, पाणी दिलं, ग्लास परत घेतला आणि समोर उभ्या राहिल्या.

"भेटला?"

"भेटला."

"मग? काय निघालं?"

वासुदेवरावांनी या बाईकडं बघितलं. नाटकं तर गेली होतीच. आता या घरात तिच्याजवळ उरलं होतं ते एक पोरगं आणि त्याच्याबद्दलची तिची समजूत. खरं सांगितलं तर तेही सात वेळा पुसलं गेलं असतं.

"प्रोग्राम चोख आहे," ते म्हणाले. "सगळं तपासलं मी. टेम्प नाव असल्यावर कुणीही कचराच समजणार. आत काय आहे ते न उघडता खूण मी केली. चूक माझी."

आयुष्यात हे वाक्य ते कधी बोलले नव्हते.

श्यामलाताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत जे होतं ते वासुदेवरावांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. माझं पोर असलं करायचं नाही." आणि त्यांनी फोन उचलला. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात ऊब आली होती.

"मकरंद? अरे, बाबा सांगत होते. तू काही मनाला लावून घेऊ नकोस हं. तुझी काहीच चूक नाही, त्यांनीच कबूल केलं... हॅलो? ऐकतोयस ना?... हॅलो?"

वासुदेवराव खुर्चीत बसून ऐकत होते. पलीकडून आवाज येत नव्हता.

"लाइन गेली वाटतं," श्यामलाताई म्हणाल्या आणि पुन्हा नंबर लावू लागल्या.