रामोनची गिटार आणि अर्विंगचे दर्दी

रामोन मूळचा बार्सिलोनाचा. कातालान रुंबा वाजवायचा. म्हणजे गिटारच्या तारा छेडायच्या आणि त्याच हाताने तिच्या लाकडावर थाप मारायची. गिटार आणि ढोलकी एकाच पंजात. अमेरिकेत आमच्या अर्विंगमधल्या एका स्पॅनिश रेस्टॉरंटात तो वर्षानुवर्षं वाजवत होता आणि लोक त्याच्याकडे पाठ करून जेवत होते.

२००३ च्या दिवाळीला आमच्या मराठी मंडळाने त्याला बोलावलं. अध्यक्ष हेमचंद्र पुण्याचे, त्यामुळे संगीतातलं सगळं त्यांना न शिकताच येत होतं. रामोनने पहिली थाप मारली आणि अध्यक्ष स्टेजवर धावले. "अरेरे! वाद्य म्हणजे सरस्वती. तिला मारतात का?" बिचाऱ्याने थापा गाळून वाजवलं. निव्वळ अळणी आमटी. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. मला त्या टाळ्यांची किळस आली.

एकटी आसावरी, मंडळातल्या शुभाताईंची इथेच जन्मलेली मुलगी, कार्यक्रमानंतर त्याच्याकडे गेली आणि "ते मारून दाखवा" म्हणाली. पुढे चार वर्षं त्याने तिला शिकवलं. त्याला मूलबाळ नव्हतं, रेकॉर्ड एकही निघाली नव्हती. होतं नव्हतं ते सगळं हातात. २००७ मध्ये त्याची फुप्फुसं निकामी झाली, तेव्हा गिटार तिला देऊन त्याने वचन घेतलं. मी गेल्यावर भाषणं नकोत. तू वाजव, आणि जोरात मार.

तो गेला आणि मंडळाला त्याच्या थोरवीचा साक्षात्कार झाला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! शोकसभा ठरली. आसावरीने वाजवायला आणलेली गिटार अध्यक्षांनी तिच्या हातून घेतली, टेबलावर ठेवली, हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि लोक जांभया देईपर्यंत भाषण ठोकलं.

"काका, मला प्ले करायचंय. मी प्रॉमिस केलंय त्यांना."

"बेटा, ती आता पूजेची झाली. टच नाही करायचं. तू तर तिला मारतेस! चला मंडळी, जेवण लागलंय."

आसावरीने हार काढून बाजूला ठेवला. कुंकवाने माखलेला हात तसाच लाकडावर हाणला. अध्यक्षांनी माइक बंद करायला लावला, तरी ती थांबली नाही. रामोनचा रुंबा त्या घटकेला अख्ख्या अर्विंगमध्ये एका पोरीच्या हातात जिवंत होता, आणि आमचे दर्दी पुऱ्या नीट फुगल्यात का ते बघत होते.