पोत्यावरचं नाव

नवलाख उंबरे गावाजवळच्या रंगाच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं काढली. पोत्यांतली पांढरी भुकटी मिक्सरमध्ये ओतायची, हे माझं काम. तोंडाला मास्क, हातात मोजे. त्याशिवाय सुपरवायझर उभंच राहू देत नाही. एवढ्या शिदोरीवर आमच्या परंदवडीत मला केमिकलमधलं कळतं असा समज झाला होता, आणि खरं सांगायचं तर तो मीच पसरवला होता. कुणी औषधाची बाटली आणली, की चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायचो आणि मान हलवायचो.

बायकोला ल्युपस निघाला. उन्हानं बळावणारा, कातडीवरून आतल्या अवयवांपर्यंत पोचू शकणारा आजार. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, सनस्क्रीन दिलं आणि ते रोज लावायचंच अशी ताकीद दिली. वावरात बायका तिची चेष्टा करायच्या, "आता सिनेमात जायाचं हाय व्हय गं?" ती हसायची आणि लावायची.

मग एकदा फोनवर व्हिडिओ आला, की सनस्क्रीनमधली रसायनं अंगात मुरतात. मी ट्यूब उलटी करून वाचली. टायटॅनियम डायऑक्साइड. माझ्या पोत्यावरचंच नाव! जे मी मास्कशिवाय हाताळत नाही, ते ही गालाला चोळत होती. माझं डोकंच फिरलं.

"हे आजपासनं बंद," मी म्हणालो.

"पर डॉक्टरीणबाई म्हणल्यात..."

"त्यास्नी काय ठावं? रोज पोती मी फोडतो."

तिनं ट्यूबचं टोपण लावलं. "तुमाला त्यातलं कळतंय. न्हाई लावत," म्हणाली.

भात कापणीला आलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात ती आठ दिवस पदर ओढून वावरात होती. आधी चेहरा लाल झाला, मग ताप आला, मग पाय सुजले. तपासणीत कळलं, आजार मूत्रपिंडापर्यंत गेलाय.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, पोत्यासकट. त्या ओरडल्या नाहीत. "भुकटी श्वासातून छातीत जाऊ नये म्हणून तो मास्क असतो. क्रीममधून ती उडत नाही. काही सनस्क्रीनमध्ये दुसरी रसायनं असतात, त्यांच्यावर अजून अभ्यास चालू आहे. शंका येणं चूक नाही, पण मला विचारायचं होतंत."

हे माझ्यामुळं झालं का, असं मी विचारलं. ऊन हे एक कारण असू शकतं, खात्रीनं सांगता येणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. सरळ हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ट्यूब पुन्हा घरात आली. आता कुणी बाटली आणली तर मी चष्मा शोधत नाही, दवाखान्यात विचारा म्हणतो. मला माझीच लाज वाटते. बायकोनं मात्र एका शब्दानं बोल लावला नाही. रोज सकाळी ती बोटावर क्रीम घेते, आणि गालाला लावायच्या आधी माझ्याकडं बघून विचारते, "अवो, लावू नव्हं?"