आपांचं टोपलं

“केस भायेर ठेव, अन् तू आत ये.”

दाराशी आलेल्या प्रत्येकाला आपा हेच म्हणायच्या. दारात एक बांबूचं टोपलं असे. रुग्णांच्या केसपेपरांनी फुगलेल्या आमच्या पिशव्या त्यात टाकायच्या आणि मगच सतरंजीवर बसायचं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, पुसदमधल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही सातजण गोल करून बसायचो. सगळे समुपदेशक. लोक आम्हाला दवाखान्यातल्या ‘बोलाच्या बाई’ आणि ‘बोलाचे सर’ म्हणतात. दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकून आमच्या आत जे साचतं ते उपसायला ही बैठक होती, आणि ती आपांनी सुरू केली होती.

आपा दिग्रसच्या. आमच्यात सगळ्यांत जुन्या. पांढरी ओढणी, जाड चष्मा, आणि मांडीवर एक तपकिरी कापडी पिशवी. हो, त्यांची स्वतःची पिशवी मात्र टोपल्यात कधी जात नसे. आम्ही त्यावरून चिडवायचो. पानाचा डबा असणार, असं आमच्यातल्या ढाणकीच्या सरांचं ठाम मत होतं. आपा हसायच्या आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसायच्या.

ऐकणाऱ्या माणसांना बोलतं करणं किती अवघड असतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का? पहिल्याच बैठकीत एकीला रडू आलं. तर एकानं पाणी पुढं केलं, दुसरीनं रुमाल दिला, ढाणकीचे सर तिला श्वास मोजायला लावू लागले, आणि मी कमावलेल्या मऊ आवाजात विचारलं, “तुम्हाला आत्ता नेमकं काय वाटतंय?” ती बिचारी रडायची थांबली आणि आमचे आभार मानू लागली. आपा म्हणाल्या, “इथं सहा डॉक्टर हायेत अन् पेशंट एक बी नाई. कसा चालन हा दवाखाना?” त्यानंतर नियम झाला. कोणी रडलं तर हात आपल्याच मांडीवर ठेवायचे. हा नियम पाळणं आम्हाला फार जड गेलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीनं जीव दिला. एकोणीस वर्षांची होती. आदल्याच आठवड्यात तिच्या कागदावर मी स्वतःच्या हातानं ‘सुधारणा आहे’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून समोर कोणी बसलं की मला तो कागद दिसायचा. मी राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता. सोमवारी देणार होते.

त्या शनिवारी मी बैठकीत बोलले, पण माझं म्हणून नाही. एक समुपदेशक आहे, असं मी सुरू केलं. तिचा एक पेशंट गेला, तिला झोप लागत नाही, काम सोडावं असं तिला वाटतं. मी अगदी व्यवस्थित, मुद्द्यांनिशी सांगितलं. आमच्या धंद्यातल्या माणसालाच अशी लबाडी जमते. बाकीचे माना हलवत उपाय शोधू लागले.

आपा मात्र चष्मा पुसत होत्या. त्यांनी विचारलं, “मंग त्या बाईनं सकाळपासून काही खाल्लं का?”

“नाही,” मी म्हणाले. आणि म्हटल्यावर माझं मलाच कळलं.

मग मी रडले, खूप वेळ. कोणी पाणी दिलं नाही, रुमाल दिला नाही. सगळ्यांचे हात मांडीवर होते, आणि त्यांना ते किती कठीण जात होतं ते मला दिसत होतं. तेवढं मला कोणी, कधीच, दिलं नव्हतं. शेवटी आपा एवढंच म्हणाल्या, “मले मालूम हाय, बेटा.” समजूत घालायची म्हणून माणसं असं म्हणतात, तसंच ते मला वाटलं. राजीनामा मात्र मी दिला नाही.

गेल्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. मुलीकडे नांदेडला राहायला जाणार होत्या. शेवटच्या बैठकीला त्या सगळ्यांच्या नंतर आल्या. दारात थांबल्या. तपकिरी पिशवी खांद्यावरून काढून त्यांनी टोपल्यात, आमच्या पिशव्यांवर ठेवली, आणि आत येऊन बसल्या. त्यांनी काही सुरू करावं म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो.

“आज मी बी आत आली,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई त्यांच्याकडे आली होती. तिचं नाव-गाव आपांनी सांगितलं नाही. संध्याकाळ होत आली होती. “बोलून राह्यली होती ते. मीच म्हनलं, तुही यष्टी चुकन, आता गुरवारी ये. चिठ्ठीवर गुरवार लिवला. दरवाज्यातच इसरली ते चिठ्ठी.” आपांनी चष्मा काढला. “गुरवारी आली नाई ते. त्याच्या आंधीच गेली.”

ती चिठ्ठी इतकी वर्षं त्या पिशवीत होती. आम्ही सहाजण, माणसं वाचायचा पगार घेणारे, चार वर्षं त्यांच्या समोर बसत होतो. पानाच्या डब्याचे विनोद केले, आणि एकदाही त्यांना काही विचारलं नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

आपा रडत होत्या. आमचे हात मांडीवर होते. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “आपा, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?”

त्यांनी लहान मुलीसारखी नकारार्थी मान हलवली. ढाणकीच्या सरांनी डबा उघडला. आपांनी त्यांची गार झालेली पोळीभाजी सगळी खाल्ली.

आपांना दिग्रसच्या गाडीत बसवून आम्ही परत आलो, तर टोपल्यात तपकिरी पिशवी तशीच होती. सरांनी फोन लावला. “राहू द्या तिथंच,” आपा म्हणाल्या.

ती आम्ही उघडलेली नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या पिशव्या तिच्यावर ठेवतो, आणि आत जातो.