जोमाकाकांची एकविसावी प्रत

मी तळवली सोडली त्या दिवशी ठाणे-बेलापूर रोडवर अख्खी आळी मला पोचवायला आली होती. टॅक्सी सकाळी नवाची सांगितली होती, ती साडेदहाला आली. तोवर बापूस दोनदा चहा पिऊन आला, आईनं तिसऱ्यांदा विचारलं की तिकडं तांदूळ मिळतो का, आणि माझा धाकटा भाऊ मधू याने सगळ्यांदेखत माझा पासपोर्ट उघडून त्यातल्या फोटोवर विनोद केले. माझ्या गळ्यात झेंडूचे तीन हार होते. जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांकडून येणारा नेहमीचा वास, कुजक्या अंड्यांचा आणि औषधांचा मिळून एक, त्या झेंडूंतही शिरला होता. सगळे आले होते, फक्त शेजारच्या घरातली हिरूकाकी आली नाही. तिनं दार लावून घेतलं होतं, आणि आमच्याकडं दिवसाउजेडी दार कुणी लावत नाही. 'तब्येत बरी नाय तिची,' असं आई म्हणाली. मी मान हलवली आणि टॅक्सीत बसलो.

ती का आली नाही ते सांगायला हे लिहितोय. तुम्ही जे तळवलीत राहिलात त्यांनी वाचावं, आणि जे माझ्यासारखे उठून कुणी दुबईला, कुणी मस्कतला गेलात त्यांनीही वाचावं. परदेशी गेलेल्या माणसानं आठवणी लिहायच्या म्हणजे खाडी, तिच्या चिखलातले निवट्या मासे आणि आईच्या हातची तांदळाची भाकरी असं काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं लिहायचं असतं. ते मला जमणार नाही. मला माझ्या गावातल्या शेवटच्या वर्षाची शिसारी आलीय, आणि वर्षभर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या गारठ्यात राहूनही ती कमी झालेली नाही.

सरकारची नोटीस आली तेव्हा मी सहावीत होतो. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, आणि नवी मुंबई नावाचं शहर येणार असल्याचं आम्हाला नकाशावर बोट ठेवून दाखवलं गेलं. बापूस त्या दिवसापासून एकच वाक्य म्हणायला लागला, 'कागुद घेऊन येल त्याला पानी द्या, पन बसाया पाट देऊ नका.' आम्ही पोरं त्याच्यामागं त्याची नक्कल करायचो. पुढं मी कागदाच्याच धंद्यात पडलो. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालो होतो, तेवढ्या भांडवलावर पावण्याला साळवींच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात लागलो. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, तेलाच्या डब्यांवरचे स्टिकर, आणि दिवाळीच्या आधी देवादिकांची कॅलेंडरं आम्ही छापायचो. थिनरनं हाताची साल निघायची आणि जेवताना डाळीलाही थिनरची चव यायची.

आमच्या धंद्यात एक रीत होती. हजाराची ऑर्डर असली की पन्नास प्रती जास्त काढायच्या. काही डागाळतात, काहींचा रंग सरकतो. वाया न गेलेल्या जास्तीच्या प्रती कामगारांनी घरी न्यायच्या. देवाचं चित्र फाडणार कोण? त्यामुळं पावण्यापासून घणसोलीपर्यंत घराघरांत आमची जास्तीची लक्ष्मी लटकत होती. ह्या रितीत कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

ओर्ला आयर्लंडहून आली तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. चित्रकार होती, अजून कुणाला फारशी माहीत नव्हती, आणि वाशीला एका बँकवाल्यांच्या फ्लॅटमध्ये पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. नव्या शहराखाली जाणारी गावं चित्रांत उतरवायची असं तिनं डोक्यात घेतलं होतं. तिला स्वस्तात छापून देणारा कारखाना हवा होता आणि साळवींना गोऱ्या बाईचं काम केल्याची शेखी मिरवायची होती. तिच्या दिमतीला मला दिलं, कारण मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. तिनं पहिल्यांदा आठ पानांचं एक कॉमिक काढलं. खाडीतली एक चिंबोरी, म्हणजे खेकडा, कारखान्यांच्या पायपांमधून आपला चिखल शोधत हिंडते, असली गोष्ट. झेरॉक्स काढून, पिना मारून तिनं ते तळवलीत वाटलं. लोकांनी शेवटचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, 'मंग चिंबोरी खाल्ली कोनी?' ओर्ला पोट धरून हसली होती. मला ती आवडायची, हे आधीच सांगून टाकतो.

जोमाकाका म्हणजे हिरूकाकीचा नवरा. जमीन गेल्यावर ते खाडीत जाळं टाकायचे, आणि जाळं नसेल तेव्हा ओट्यावर बसून फाटकं जाळं विणायचे. ओर्लानं त्यांना तसंच काढलं. तीन दुपारी ती समोर बसली आणि काकांनी एकदाही वर बघितलं नाही. त्यानंतर होळीच्या सुमाराला काका तापानं गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आणला नव्हता आणि नंतर कुणाच्या मनात आलं नाही. दिवसकार्याला पाटावर ठेवायला काही नव्हतं म्हणून काकीनं त्यांची टोपी ठेवली.

पुढच्या महिन्यात आम्ही ते चित्र छापलं. तीन रंग, जाड कागद, वीस प्रती. ओर्लानं प्रत्येक प्रतीखाली ती विसांतली कितवी ते पेन्सिलीनं घातलं, एकावर वीस, दोनावर वीस असे. मधूनं एक प्रत बघितली आणि म्हणाला, 'ईसात सात? काका नापास झालं की रं!' मी मात्र सवयीप्रमाणं तेवीस छापल्या होत्या. दोन डागाळल्या. तिसरी स्वच्छ उतरली होती, ती गुंडाळून मी हिरूकाकीला नेऊन दिली. तिनं ती उलगडली आणि खालीच बसली. कितीतरी वेळ बोटानं काकांच्या कानाची कड चाचपत होती. मग म्हणाली, 'वर बगितला नाय मेल्यानं हितं पन.' ठाण्याहून फ्रेम आणली, हार घातला, रोज सकाळी कुंकू लावायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी छापलेल्यांपैकी कामाची गोष्ट ती तेवढीच.

ओर्लाचं प्रदर्शन मुंबईत एका गॅलरीत ठरलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी ती काकीला भेटायला आली आणि तिनं भिंतीवर ती फ्रेम पाहिली. आधी तिचे डोळे भरले. मग तिनं खालचा कोपरा निरखला, तिथं आकडा नव्हता, आणि तिचा चेहरा उतरला. परत जाताना रस्त्यावर तिनं मला समजावलं. वीस लिहिलंय म्हणजे जगात वीसच असायला हव्यात. घेणारा त्या शब्दावर घेतो. एकविसावी निघाली तर मी खोटी ठरते, ती म्हणाली. तिच्यापुरतं ते खरंच होतं. 'तुला आणता येईल का? नाही जमलं तर राहू दे,' असंही म्हणाली. नाही जमलं तर राहू दे! हे वाक्य मी रोज आठवतो. तिनं मला बळजबरी केली नव्हती. पण डब्लिनच्या एका ओळखीच्या छपाई स्टुडिओला माझ्यासाठी शिफारशीचं पत्र ती त्याच आठवड्यात लिहिणार होती, आणि मला त्या थिनरच्या डबक्यातून सुटायचं होतं. मी म्हटलं, 'नो प्रॉब्लेम.'

काकीला मी खोटं सांगितलं. बाईला अजून एक कॉपी काढायचीय, म्हणून दोन दिवस हवंय. काकीनं हार उतरवला, पदरानं काच पुसली आणि स्वतःच्या हातानं फ्रेम उघडून चित्र मला दिलं. 'ने, पन परवाला आन. घर ओकं दिसतं,' म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यात टेबलावर ते पालथं घातलं आणि मी फाडलं. जाड कागद होता, सहज फाटेना, म्हणून कात्री घेतली. ओर्ला शेजारी उभी होती, ती दुसरीकडं बघत होती. मग रिवाजाप्रमाणं त्या चित्राचे तिन्ही रंगांचे स्क्रीनही धुऊन टाकले, म्हणजे पुन्हा छापायची सोय उरली नाही. त्यानंतर मी हात धुतले आणि डबा उघडून जेवलो. ते जेवण गेलं कसं घशाखाली, ह्याची मला आज जास्त किळस येते.

काकीनं तीनदा विचारलं. दोनदा मी उद्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा ती विहिरीवर सगळ्यांसमोर विचारायला लागली तेव्हा माझा तोल गेला आणि मी ओरडलो, 'फाडलं, काकी! तसा नेमच हाय त्यांचा!' ती हंडा भरत होती. तो तिनं काठोकाठ भरला. मग डोक्यावर चुंबळ ठेवता ठेवता तिनं विचारलं, 'नेम कोनाचा? मानूस कोनाचा?' आणि गेली. त्यानंतर मी निघेपर्यंत, म्हणजे चार महिने, ती माझ्याशी बोलली नाही. ओर्लानं तिच्यासाठी खाडीचं एक छान रंगीत चित्र पाठवलं होतं. काकीनं ते चुलीपुढं बसायला घेतलं.

डब्लिनला आलो तेव्हा तिथली तरणी पोरं काम शोधायला लंडनची बोट पकडत होती आणि मी उलट्या दिशेनं उतरत होतो. खोलीला ओल होती, बटाट्याला चव नव्हती, ते सगळं सहन केलं. सहन झाली नाहीत ती परत आलेल्या ओर्लाची प्रदर्शनं. हातात वाईनचा ग्लास, टोचणीला चीजचा तुकडा, आणि भिंतीवर माझे जोमाकाका. खाली पाटी होती, 'खाडीवरचा माणूस'. नाव नाही. एक बाई म्हणाली, ह्यांच्या चेहऱ्यावर केवढी शांतता आहे. मी मनात म्हटलं, बाई, ते जाळ्याची गाठ सुटत नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत होते. पण मी नुसता हसलो, कारण मला तिथं हसण्यासाठीच बोलावलं होतं. ओर्लाच्या नव्या कॉमिकमध्ये मीसुद्धा होतो. डबा घेऊन चालणारा, कागदाची गुंडाळी काखेत धरलेला, सगळ्याला 'नो प्रॉब्लेम' म्हणणारा एक काटकुळा पोरगा. लोकांना तो फार गोड वाटायचा. मी तो अंक खोलीवर नेला आणि पालथा ठेवला.

स्टुडिओत लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला छापील चित्रं बांधायचं काम दिलं. एका खणात आकडा नसलेल्या प्रती सापडल्या. कोपऱ्यात पेन्सिलीनं नुसती ए आणि पी ही दोन इंग्रजी अक्षरं होती. मला वाटलं, जास्तीच्या आहेत, फाडायच्या राहिल्यात. मी कात्री उचलली तशी तिथला म्हातारा छपाईवाला धावत आला. वेडा आहेस का, म्हणाला, ही आर्टिस्ट प्रूफं आहेत. मोजणीच्या बाहेरच्या दोन-चार प्रती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवायच्या, आईला द्यायच्या, मित्राला द्यायच्या. पेन्सिलीनं तेवढं लिहिलं की झालं, त्याला खोटं कुणी म्हणत नाही. जगभर हीच रीत आहे, म्हणाला. मी कात्री जागेवर ठेवली आणि त्या प्रती एकेक करून बांधल्या.

ओर्लाला विचारलं. मला वाटत होतं ती काहीतरी कारण देईल, मग मला तिचा मनसोक्त राग करता येईल. ती लाल झाली आणि म्हणाली, 'तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. ती तुझी होती, तू छापलेली. रंग जुळवायला आधी काढलेल्यांतली एक मी माझ्यासाठी बाजूला काढली होती.' म्हणजे आम्ही वीस-वीस करत असताना तिच्या खणात एक काका होतेच. तिनं ती प्रत काढून माझ्या हातात दिली. मी आभार मानले नाहीत. पण तिला दोष देऊनही माझं काही सुटत नाही. तिच्या डोक्यात आलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं तर पत्र हुकेल अशी मला भीती होती. काकीच्या नवऱ्यापेक्षा मला विमानाचं तिकीट जवळचं वाटलं, दुसरं काय?

प्रत दोन पुठ्ठ्यांत घालून रजिस्टर पोस्टानं मधूकडं पाठवली. सोबत काकीला चिठ्ठी लिहिली, चार वेळा फाडून पाचव्यांदा. चुकलो, एवढंच त्यात होतं. नंतर मी रोज पोस्टाच्या पेटीत डोकवायला लागलो. काकी शिव्या देईल, चित्र परत पाठवेल, चुलीत घालेल, काहीही चाललं असतं. निदान हिशेब मिटला असता.

मागच्या आठवड्यात मधूचं पत्र आलं. तळवलीत आता नळ आलेत, बापूस गुडघ्यानं बेजार आहे, शेजारी चार मजली बिल्डिंग उठतेय. काकीनं चित्र घेतलं, त्याच फ्रेममध्ये घातलं, रोज कुंकू लावते, असं त्यानं लिहिलंय. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो होतो. पुढं त्यानं सहज, हसतहसत लिहावं तसं लिहिलंय, की तू गणपतीला येणार हे आईनं काकीला सांगितलं, तर तिनं तारीख विचारून घेतली. मग आईला म्हणाली, 'तो येल तवा आठ दिस मी मालकांना पेटीत ठेवते. तो गेला का परत लावीन.'

तिकीट काढलंय. जाणार आहे. तिच्या घरी जाईन, ती चहा करेल, कारण दारात आलेल्याला ती काही दिल्याशिवाय सोडत नाही. कुठं बसायचं तेही मला माहीत आहे. भिंतीवरच्या त्या फ्रेमच्या मोकळ्या खिळ्याकडं पाठ करून बसायचं आणि चहा संपवायचा.