पाळकसाहेबांसाठी कोण मागणार?

नगरहून निघताना पाळकसाहेबांनी गाडी सुरू केली आणि पहिलंच वाक्य टाकलं, “करुणाबाई, मी जागा बघायला येतोय. रिट्रीटला येणार नाही, आधीच सांगतो.”

मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ऑफिसात काम करते, आणि साहेब आमचे पाळक, म्हणजे पास्टर. उपवासकाळाआधी आम्हा सगळ्या सेवकांनी दोन-तीन दिवस कुठंतरी शांत जागी जाऊन राहावं, ही रिट्रीटची कल्पना माझी. आणि ती मी काढली होती कुणासाठी? ह्यांच्यासाठीच! ईस्टर झाला की सेवा सोडतो, असं त्यांनी घरच्यांनंतर मला एकटीला सांगितलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, “आटलो, बाई.” म्हणजे ज्याच्यासाठी लग्न, तोच मांडवात नाही. पण मीही काही कमी चिवट नाही. म्हटलं, आधी गाडीत तर बसवू.

कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला. हिवाळ्याचं कोवळं ऊन, पाणी असं काही चमकत होतं की बघत राहावं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दवाखान्यात पडलेल्या एका आजोबांसाठी डोळे मिटून प्रार्थना केली. नदी मी एकटीनंच पाहिली. आमच्यात रीतच आहे ती. पाळक दिसला की प्रार्थना करून घ्यायची, आणि घरी आला तर त्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर पडू द्यायचं नाही.

आधी खुलताबाद गाठलं. दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूच्या पाट्या मांडलेल्या, मग घाट, आणि वर जुन्या वेशीतून आत शिरलं की गाव एकदम हळू आवाजात बोलायला लागतं. मला तर फारच आवडलं. दर्ग्याच्या बाजूनं उदाचा वास येत होता. आम्ही पाहिलेल्या गेस्टहाऊसच्या गच्चीवरून लांबवर शेतं दिसत होती. तिथले रखवालदार चाचा मोठे अदबशीर. “बैठो पादरीसाब. याँ की हवा ऐसी है, नींद आपीच आती,” म्हणाले. चहा पाजला, आणि मग हळूच, “बच्ची का इम्तिहान है साब. जरा दुवा करो.” साहेबांनी केली. चाचांचे डोळे भरून आले. पण खोल्या सगळ्या वरच्या मजल्यावर, जिना हा असा उभा! आमच्या पेटीमास्तरांचे गुडघे तिथंच बोलले असते.

दुपारी घाट उतरून शहरात आलो आणि नान खलिया खाल्ला (मटणाचा हळदी रंगाचा झणझणीत रस्सा आणि त्यात बुडवायला भलीथोरली मऊ नान). अहाहा! मी मिटक्या मारत होते आणि साहेब पुन्हा फोनवर. कुणा नव्या सूनबाईंचं सासूशी पटत नव्हतं. प्रार्थना संपली तेव्हा त्यांच्या ताटात रश्श्यावर तवंग थिजला होता. हॉटेलमालकानं येऊन ताट उचलून नेलं आणि वाफाळतं दुसरं ठेवलं. “थंडा खाके क्या मजा, साब?” या शहराची अदब अशी न सांगता समोर येते. साहेबांनी मात्र चार घास खाल्ले आणि हात धुतले. मला मनातून फार वाईट वाटलं.

चिकलठाण्याचा हॉल देखणा होता, एसी होता, पण आम्ही बघत असतानाच डोक्यावरून विमान गेलं आणि व्यवस्थापकाचं बोलणं नुसतं त्याच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं. तिथं कसलं मौन पाळता! पुढं पैठण रस्त्याला वळण चुकलो आणि थेट एका कंपनीच्या गेटात शिरलो. वॉचमन हसला आणि त्यानंच चितेगावाकडचा रस्ता दाखवला.

गावाबाहेर तिथल्या छोट्या मंडळीचं आवार आहे. साधं देऊळघर (उपासनेची खोली), तीन-चार खोल्या, मोठा कडुनिंब. देखरेख सरूबाईंकडं. नवरा गेलेला, मुलगा कंपनीत कामाला.

“सलाम पाळकसाहेब! या, या. लई दिसांनी कोणी मोठं मानूस आलं बगा इथं.”

भाकरी, ठेचा, ताकाचा तांब्या. नको म्हणायची सोयच नव्हती, तरी साहेबांची अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. खोल्या स्वच्छ सारवलेल्या, कुठलाही आवाज नाही. जागा मला पाहताक्षणी पटली. निघायची वेळ झाली तसे साहेब सवयीनं उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले.

“बसा,” सरूबाई म्हणाल्या.

“प्रार्थना करून निघतो, मावशी.”

“तुमी नाय. तुमी बसा. आज म्या करते.”

साहेब गोंधळले. मग खाटेवर बसले. सरूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्यांच्या केसांवर सरळ हात ठेवला.

“बापा, हे लेकरू समद्यांसाठी मागतंय. ह्याच्यासाठी कोन मागतंय रे? दमलंय ते. ह्याला झोप दे. ह्याच्या तोंडाला चव दे. त्याला ओझं व्हत आसंल तर थोडं तू उचल, थोडं आमी उचलतो. व्हय बापा, ऐक माजं.”

साहेब रडले. लहान मूल रडतं तसे, हुंदके देत. मीही रडले, उगाच कशाला खोटं सांगू? इतकी वर्षं दर रविवारी मी त्यांच्या प्रार्थनेला डोळे मिटत आले, पण त्यांच्यासाठी समोर बसून कुणी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी स्वतःही कधी मागितलं नव्हतं.

परतीला ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंना उसाचे ट्रॅक्टर, मेंढ्यांचे कळप घेऊन चाललेली माणसं. किल्ले, वेशी, दर्गे बघायला लोक या भागात येतात, यावंच. मला मात्र इथली माणसं आवडली. समोरच्याच्या ताटात आणि चेहऱ्यात काय आहे, ते त्यांना दिसतं.

नेवाशाच्या पुढं साहेब म्हणाले, “ईस्टरनंतरचं मला अजून माहीत नाही, करुणाबाई. पण रिट्रीटला मी येतो.”

“या. पण एक अट आहे. तिथं तुम्ही प्रार्थना करायची नाही.”

“मग मी करू काय?”

“आम्ही करतो,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त आमेन म्हणा.”